गुरुवारचं कुलूप

माण, रविवार

प्रिय आम्रपाली,

जय भीम. पाकीट उलटून मागचं नाव वाचायची तुला गरजच पडली नसेल. माझं अक्षर म्हणजे सांडलेल्या साखरेवरच्या मुंग्या, असं तूच म्हणायचीस. आयटीआय पहिल्याच वर्षी सोडलेल्या माणसाचं पत्र आहे, तेव्हा चुका पोटात घाल. तुझा नवा नंबर मागायला मी चिंचवडला तुझ्या घरी गेलो होतो. खंडूकाकांनी पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, नंबर नाही दिला. म्हणाले, "परभणीचा पत्ता देतो, तिच्या मामाचा. लिहून काढ. बोलताना तू घसरतोस, लेका. लिहिताना माणूस जरा तरी जाग्यावर बसतो." तुझे वडील तीस वर्षं कंपनीत इन्स्पेक्शनला होते ते उगाच नाही. एका नजरेत माल पास की रिजेक्ट ते सांगतात. मी कशात बसलो ते मात्र सांगितलं नाही.

जाग्यावर बसणं आणि मी! तू गेल्यापासून नऊ महिने झाले. त्यात दोन महिने चाकणला प्रेस शॉपमध्ये कॉन्ट्रॅक्टवर होतो. मग एका ट्रकवर क्लीनर म्हणून सुरतपर्यंत जाऊन आलो. तिथं समोसा गोड चटणीत बुडवून देतात, तुला नसता आवडला. हे बघ, लगेच घसरलो. आता मी माणला राहतो आणि पाण्याचा टँकर चालवतो. मारुंजीच्या सोसायट्यांना रोज चार खेपा. प्रत्येक खेपेला मंजुषा मॅडमच्या दवाखान्यावरून जातो आणि तिथं गाडी आपोआप दुसऱ्या गिअरवर येते. तुझ्या टेबलाजवळची खिडकी हल्ली बंदच असते.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो? मी बोट कापलं म्हणून पट्टी करून घ्यायला आलो होतो. तू ते जाडं रजिस्टर, बीपीचं मशीन आणि स्वस्त औषधांची यादी घेऊन आलीस. सरकारची नवी योजना, छोट्या दवाखान्यांना हाताशी धरायची. पेशंटला नीट उपचार मिळावेत आणि त्याचा खर्च कमी व्हावा, एवढं मला कळलं. मॅडम फणकारल्या होत्या, "वीस वर्षं दवाखाना चालवतेय, आता सरकार मला शिकवणार?" तू महिनाभर जुने केसपेपर चाळत बसलीस आणि मग एक कागद त्यांच्यापुढं ठेवलास. बीपीचे निम्म्याहून जास्त पेशंट एकदा येऊन परत आलेच नव्हते. मॅडमनी त्या कागदावरची नावं बोट ठेवून एकेक वाचली. "मला वाटायचं, बरे झाले असतील," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या तुझ्या झाल्या.

आणि सोजराबाई! त्यांच्या शेतात आता चौदा मजली टॉवर आहे, पण बोलणं अजून बांधावरचंच. "डाक्टरीनबाई, बाटली लावा की, अंगात ताकद न्हाई." मॅडम म्हणाल्या, "आजी, त्या बाटलीत मीठ-पाणी असतं, घरी जाऊन ताक प्या." त्यावर आजी, "मंग तुमचा दवाखाना आन् माझी चूल, यात फरक काय ऱ्हायला?" अख्खी रांग हसली होती. स्वस्त गोळीवरही त्यांचा विश्वास नव्हता, "सस्त्या गोळीचा गुण बी सस्ताच यायचा." तू त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर रोजच्या गोळीची खूण करायला शिकवलंस. पुढच्या महिन्यात ते कॅलेंडर गुंडाळी करून काखेत मारून त्या दवाखान्यात हजर! भिंतीवर खिळा मोकळा राहिला म्हणून सून चिडली होती म्हणे.

त्या पट्टीच्या दिवशी मी दोन तास गप्पा मारत बसलो होतो. याला गल्ली न् गल्ली माहीत आहे, न येणाऱ्यांच्या मागं यालाच पाठवू, असं तूच मॅडमना सुचवलंस. तेव्हापासून दर गुरुवारी तुझी यादी माझ्या हातात. गुरुवार का, तर कंपन्यांना सुट्टी, माणसं घरी सापडतात. नियमही तुझाच. कुलूप दिसलं तर लगेच नाव काढायचं नाही. तीन भेटी, तीन वेगवेगळ्या दिवशी, आणि तरी पत्ता लागला नाही तरच 'गाव सोडलं' असं लिहायचं. गाव सोडलेला माणूस हिशेबात धरत नाहीत, म्हणून ते दोन शब्द लिहिताना हात जड व्हायला हवा, असं तू म्हणाली होतीस. काही नावांपुढं तू पेन्सिलीनं बारीक लिहायचीस. बायका, कामाला सोसायटीत, यांना गुरुवारची सुट्टी नाही.

दवाखाना बंद करून आपण बसथांब्यापर्यंत चालायचो. पाच मिनिटांचा रस्ता, मी तो अर्ध्या तासाचा करायचो. कधी नवीन बिल्डिंगचे मजले मोजत, कधी कुणाचं कुत्रं ओळखीचं निघालं म्हणून. तू कणीस घ्यायचीस आणि मोडून मला द्यायचीस ती नेमकी लिंबू न लावलेली बाजू. पहिली बस सोडायची, गर्दी आहे म्हणून. दुसरीही सोडायची, तिला गर्दी नसायची. त्या दुसऱ्या बसबद्दल आपण दोघंही कधी काही बोललो नाही. मी सगळ्या जगाशी बोलतो, आम्रपाली, पण त्या बसबद्दल तुझ्याशी बोलायला मला जमलं नाही. वाटायचं, उद्या आहेच की.

मग ताथवड्याच्या त्या हॉलमधली योजनेची मीटिंग. बीपी आटोक्यात आलेल्या पेशंटचा आपल्या दवाखान्याचा आकडा सगळ्यांत चांगला आला, मॅडमना गुच्छ मिळाला, आणि तू माइकवर जाऊन म्हणालीस, "आमचा सनी दारोदार जातो, म्हणून हे झालं." लोकांनी मागं वळून बघितलं. मी तेव्हा गुलाबजाम दुसऱ्यांदा घेत होतो. 'आमचा' हा शब्द मी त्या पाकातच बुडवून घरी नेला. तीन आठवड्यांनी आपल्या यादीतल्या केसरबाई, कामाला जायच्या त्या सोसायटीच्या जिन्यात पडल्या. लकव्यानं उजवी बाजू गेली. गोळ्या चार महिने बंद होत्या. आपल्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढं तीन तारखा आणि 'गाव सोडलं'. आणि शेजारीण सांगत होती, बाई कुठं गेली नव्हती, रोज सकाळी सातला कामावर आणि साडेसहाला घरात.

योजनेकडून चौकशीला दोन माणसं आली तेव्हा मी दारात मशीन पोटाशी धरून उभा होतो. त्यांनी विचारलं, भेटी खरंच झाल्या का? तू रजिस्टरवरच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवून म्हणालीस, "तीन भेटी झाल्यात. सनी खोटं लिहिणार नाही." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी काय बोललो असतो, हे मी नऊ महिने स्वतःला सांगत आलोय आणि रोज वेगळं सांगतोय. रजिस्टर विश्वासाचं नाही म्हणून तुझा करार पुढं वाढवला नाही. तू डबा पिशवीत टाकलास, मॅडमच्या पाया पडलीस. थांब्यावर पहिलीच बस आली आणि तू चढलीस. मी कंडक्टरसारखा दाराशी उभा राहिलो आणि खाली उतरलो.

गेले दोन महिने मी दर रविवारी साडेसहानंतर केसरबाईंकडं जातो. मॅडमनी जुनं मशीन दिलंय. काठीवर चालतात आता. उजव्या हाताला ब्लाऊजचं हूक लागत नाही, लेक लावून देते. बोलणं सावकाश, पण जीभ तिखट आहे. गोळी घेतली का विचारलं की म्हणतात, "घेतली, बाबा. तुला उत्तर देत बसण्यापेक्षा गोळी सोपी." आज एकशे अडतीसवर शहाऐंशी. तुला सांगावंसं वाटलं. असला चांगला आकडा आला की अजूनही मान वर करून मी तुझ्या खिडकीकडं बघतो, आणि समोर त्यांच्या घरचा पत्रा असतो. त्या दर वेळी विचारतात, "ती पोरगी कुठाय, जी केसपेपरवर माझं नाव पूर्ण लिहायची?"

आता काका म्हणाले तसं जाग्यावर बसून लिहितो. पहिल्या गुरुवारी मी गेलो होतो, कुलूप होतं, ते खरं. दुसऱ्या गुरुवारी दोस्त पिंटूनं चाकणकडं बैलगाडा शर्यतीला नेलं. धुरळा, भंडारा, आरडाओरडा, मला तुझी यादी खिशात आहे हे थेट परतीच्या वाटेवर आठवलं. तिसऱ्या गुरुवारी मी केसरबाईंच्या घरापासून दोनशे पावलांवर चहा पीत होतो, आणि तिथंच बसून दोन्ही तारखा भरल्या. त्यांच्या नावापुढं तुझी पेन्सिल होती, 'रविवार, साडेसहानंतर'. ती मी वाचली होती. तू माझ्या शब्दावर सही केलीस आणि माझ्या शब्दावर सगळ्यांपुढं खोटी पडलीस. हे मी गेल्या रविवारी केसरबाईंना सांगितलं. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "माझा हात काय आता परत यायचा न्हाई. तिचं नाव तरी परत आण. मला सांगितलंस, आता तिला सांग." काल मॅडमना लिहून दिलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि मला बाहेर बसायला सांगितलं. येत्या गुरुवारी ताथवड्याला मीटिंग आहे. तिथं मी त्याच माइकवर हे सांगणार आहे, मॅडम सोबत येणार आहेत. तुला कामावर परत घेतील का, माहीत नाही. तू येशील का, तेही माहीत नाही. पण लोकांनी ऐकायच्या आधी तू ऐकावंस, म्हणून हे पत्र. केसरबाईंचं नाव यादीत परत घातलंय, पेन्सिलीनंच, तुझ्यासारखं. आणि तुझ्या नियमानं ही माझी पहिली भेट समज. अजून दोन पत्रं टाकीन, वेगवेगळ्या दिवशी, या वेळी खरीखुरी. दारात येऊन उभा राहणार नाही. तिन्ही वेळा कुलूप दिसलं, तर माझ्या नावापुढं काय लिहायचं ते तू लिही. फक्त आत्ताच लिहू नकोस.

तुझाच, एक भेट झालेला,
सनी