कावळ्याला दिलेलं वचन रद्द

मी, श्रीमती सुनेत्रा पुरुषोत्तम म्हसकर, वय एकाहत्तर, राहणार वॉटफर्ड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने लिहून ठेवते. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं. माझी बुद्धी शाबूत आहे. असं सगळेच लिहितात, पण माझ्याकडे डॉक्टरांचा दाखला आहे, आणि तो माझा मुलगा परीक्षित याच्याच आग्रहामुळे मिळाला आहे. त्याचं कारण पुढे येईल. स्वादुपिंडाच्या कर्करोगामुळे मी फार तर नाताळ बघेन, म्हणून आताच लिहिते. सॉलिसिटरनी इंग्रजी भाषांतर जोडलं आहे, कारण परीक्षितला मराठी वाचता येत नाही.

१. वॉटफर्डचं घर आणि बँकेतली शिल्लक परीक्षितला. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुलगा प्रेमळ आहे.

२. माझे यजमान कै. पुरुषोत्तम यांना सत्कारांत मिळालेल्या शाली चॅरिटी शॉपला द्याव्यात. नारळांच्या वड्या मी त्या त्या वेळीच केल्या आणि सत्कार करणाऱ्यांनीच खाल्ल्या.

३. आता पुस्तकं. ‘पुरुषोत्तम म्हसकर’ या नावाने पुण्याहून निघालेल्या सगळ्या रहस्यकथा मी लिहिल्या आहेत. त्यातली नायिका वेन ही जुन्या चीनमधली बाई. राजदरबारी परीक्षेच्या आदल्या दिवशी भाऊ मेला, तेव्हा त्याचा झगा आणि टोपी घालून ही परीक्षेला बसली आणि पुढे जन्मभर पुरुष पंडित म्हणून वावरली. कुठे विहिरीत भूत दिसलं, कुठे मेलेली सून रडताना ऐकू आली की न्यायाधीश तिला बोलावणं धाडत. प्रत्येक भुतामागे तिला कोणीतरी माणूस सापडे, आणि त्या माणसाला काहीतरी हवं असे. मी चीनला कधी गेले नाही. वॉटफर्डच्या लायब्ररीत नोकरी होती, तिथे वाचलं आणि जेवणाच्या टेबलावर लिहिलं.

पहिल्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकांनी कळवलं, रहस्यकथेला बाईचं नाव चालत नाही, एवढ्यापुरतं यजमानांचं घालू. एवढ्यापुरतं म्हणता म्हणता आमचा संसार संपला. ते प्रकाशक आता हयात नाहीत. मी त्यांना क्षमा केलेली नाही.

यजमान वाईट नव्हते. एकदा मी विषय काढला, तेव्हा म्हणाले, “आता सांगितलंस तर लोक मला हसतील गं.” मी तो विषय मिटवला. शेवटच्या वर्षी त्यांना विसरण्याचा आजार जडला आणि कथा आपणच लिहिल्या, असं त्यांना खरोखर वाटू लागलं. नर्सला ते “माझी वेन” म्हणून सांगत आणि मी शेजारी त्यांची औषधं काढत असे. एकदा मात्र मलाच नर्स समजून म्हणाले, “पुढचं प्रकरण सुचत नाहीये. जरा आमच्या बायकोला बोलवता का?” माझ्या वाट्याला आलेली कबुली ती एवढीच.

४. गेल्या वर्षी ते वारले. दहाव्याला आम्ही पार्कातल्या कालव्याकाठी पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून होते, खाली उतरेनात. गुरुजी म्हणाले, “काही इच्छा राहिली असेल, बोला.” कोणी घराचं बोललं, कोणी माझी काळजी घेऊ म्हणालं. कावळा ढिम्म. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेवढ्यात परीक्षित हात जोडून म्हणाला, “बाबा, तुझा लास्ट बुक मी तुझ्या नावाने पब्लिश करणार. आय प्रॉमिस.” कावळा आला, शिवला. सगळे रडले.

ते पुस्तक माझं आहे. त्यात वेन भर न्यायालयात टोपी काढते. त्या फसवणुकीला मृत्युदंड आहे, हे तिला ठाऊक असतं.

कावळा का उतरला, हेही इथे नोंदवते. इतका वेळ झाडाखाली एक गृहस्थ काळा लॅब्रेडॉर घेऊन उभे होते. परीक्षित बोलत असतानाच ते कुत्र्याला घेऊन निघून गेले. मी पाहिलं. त्या घोळक्यात बोलले नाही, कारण दहाव्याला माणसाचं पितळ उघडं पाडू नये. पण मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही.

५. पुढे परीक्षितच्या ब्रॅकनेलच्या घरी त्याला खरं सांगितलं. तो माझा हात धरून म्हणाला, “आई, यू आर ग्रीव्हिंग. इट्स ओके.” आणि मला डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे मी घड्याळ काढून दाखवलं, पंतप्रधानांचं नाव सांगितलं, शंभरातून सात सात वजा केले. मेमरी उत्तम निघाली. तरीही परीक्षितचा विश्वास बसला नाही. “मग बाबा लाय करत होता का?” एवढंच त्याने विचारलं.

६. माझ्या सर्व लेखनाचे हक्क आणि अखेरच्या पुस्तकाचं हस्तलिखित माझी सून मालविका हिला. ती नागपूरची, मराठी वाचते. तिसऱ्या पुस्तकात वेन महिन्याच्या घड्या चुलीमागे, भावाच्या झग्याखाली लपवून वाळवते. ते वाचून मालविका स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “आई, हे बाबांना कसं माहीत?” मी पोळ्या लाटत राहिले. मग तीच म्हणाली, “हे त्यांनी लिहिलंच नाहीये.” त्या दिवशी मी पोटभर जेवले.

जुन्या पुस्तकांवरचं नाव तसंच राहू द्यावं. लोक हसतील, ही यजमानांची भीती मी तेवढी सांभाळते. अखेरचं पुस्तक मात्र माझ्या नावाने निघावं. माझी वस्तू माझ्या परवानगीशिवाय कावळ्याला कबूल केली होती, ते वचन मी या कलमाने रद्द करते.

७. माझ्या मृत्यूची नोंद करायला परीक्षितने स्वतः जावं, मालविकाला पाठवू नये. वडिलांच्या दाखल्यावर त्याने ‘लेखक’ असं लिहवून घेतलं. माझ्या वेळी काही बोलला नाही, तर ‘लेखक पुरुषोत्तम म्हसकर यांची विधवा’ असंच छापून येईल. रजिस्ट्रार बाई विचारतील, “ऑक्युपेशन?” तेव्हा त्याने ‘लेखिका’ म्हणावं. विश्वास बसला असेल तर आनंद आहे. नसला तरी म्हणावं.

८. शेजारच्या शशीला माझं कढीपत्त्याचं झाड हवं होतं. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणतात, म्हणून ते आजच तिच्या हातात दिलं.

९. माझाही पिंड कालव्याकाठीच ठेवावा. कावळा आला नाही, तर माझं काय राहिलं याचा अंदाज करत बसू नये, ते वर लिहिलं आहे. आणि दाखल्यावर नुसतंच ‘विधवा’ असेल, तर कावळा लगेच शिवला तरी कोणी समाधान मानू नये. जवळपासचा कुत्रा कोणी नेला का, ते आधी बघावं.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर खालील दोघांच्या समक्ष सही केली. त्या दोघांनीही माझ्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या.

सही: सुनेत्रा म्हसकर
व्यवसाय: लेखिका

साक्षीदार:
१. शशी गुपचूप, शेजारीण
२. नकुल सबनीस, लायब्ररीतील जुने सहकारी

वॉटफर्ड, ता. १७ ऑक्टोबर २०२४