घुंगरू न जोडलेले पैंजण

कोल्हापूर,
ऑगस्ट २००४

प्रिय ताई,

हे पत्र घरी न पाठवता मुद्दाम तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवते आहे.

ऐंशी किलोंच्या वर वजन असलेल्या बाईवर मूल होण्याचे उपचार सुरू करत नाहीत, हा त्या दवाखान्याचा नियम मला पहिल्यापासून खटकला. भूल देताना धोका असतो म्हणे. दाजींचं वजन मात्र कुणी विचारलं नाही. तू भाकरी अर्ध्यावर आणलीस, पहाटे माळावर चालायला लागलीस, तरी दर खेपेला काटा ऐंशीच्या पुढेच. एकदा परतताना एस.टी.त तुझ्या सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खाऊन ढोल झालीया. प्वार कुठनं व्हणार?"

मला दवाखान्याचाच संशय होता. वजनकाटे तपासणं हे माझं रोजचं काम. गेल्या खेपेला तुझ्याबरोबर आले ती पिशवीत कंपनीतली प्रमाणित वजनं घेऊनच. नर्स आत गेल्यावर ती काट्यावर ठेवून पाहिली. काटा बरोबर होता. मग दाजींवर संशय गेला, दर शनिवारी पेढे आणतात म्हणून.

पण त्याच सकाळी माझ्या खोलीवर, अंघोळ झाल्यावर, मी हट्टाने तुझं वजन केलं होतं. अठ्ठ्याहत्तर. दवाखान्यात एक्क्याऐंशी. नर्सने आकडा सांगितला तेव्हा तुझा चेहरा पेपर सोपा गेलेल्या मुलीसारखा झाला.

संध्याकाळी खोलीवर तू साडी बदलताना परकराला आतून शिवलेली, चांदीच्या पैंजणांनी भरलेली पिशवी दिसली. घुंगरू जोडायच्या आधी पैंजण वाजत नाहीत, हे तूच मला हुपरीत, तुझ्या सासरच्या चांदीच्या कारखान्यात, दाखवलं होतंस. तोळ्यातोळ्याचा हिशेब ठेवणाऱ्या त्या घरात तू हे कसं जमवलंस, कोण जाणे. मी पाठ वळवून चहा टाकला.

काल दाजींचा कंपनीत फोन आला. सांगलीत एक डॉक्टर वजनाची अट घालत नाहीत. मी रजा काढून तुला तिथे न्यावं, असं म्हणाले. "तुझं ऐकती ती." त्यांच्या आवाजात मी कपट शोधलं, सापडलं नाही. म्हणजे आता ती चांदी तुझ्या कामाची राहिली नाही. मी त्यांना अजून हो म्हटलेलं नाही. तुला सुयांची भीती वाटते, की मूलच नको आहे, मला माहीत नाही आणि अंदाजावर काम करायची मला सवय नाही. जायचं की नाही, एवढंच लिही. नाही असेल, तर ते दाजींना सांगताना मी तुझ्या शेजारी बसेन.

तुझीच,
संघप्रिया