घट्ट बसवलेली गाडी

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. पत्राला उशीर झाला म्हणून जे बोलणार आहेस ते आधी बोलून घे आणि मग पुढे वाच, कारण बातमी मोठी आहे. गाडी चालली!

हो, तीच. बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. जुन्या शर्यतीच्या गाडीची नक्कल, आणि तीही कोणीतरी अर्धवट बांधून सोडलेली. मी ती शेडमध्ये ओढून आणली तेव्हा सुताराने आपली कपाटं करावीत असं तू म्हणाली होतीस, ते माझ्या चांगलं लक्षात आहे. आता ऐक. इंजिन तापत होतं ते का, तर पुढच्या पंख्याच्या दोन तारा मी उलट्या जोडल्या होत्या. पंखा बिचारा समोरून येणारा वारा परत ढकलत बसला होता. तारा बदलल्या आणि ताप उतरला. आमची ही दोन दिवस हसत होती.

बाकी काम पाहशील तर बघत राहशील. कुठे खडखड नाही, कुठे फट नाही. पेट्रोलच्या टाकीतून एक बारीक नळी नुसतीच वर आलेली होती, कशालाच जोडलेली नाही. अर्धवट काम मला बघवत नाही, तुला ठाऊक आहे. लाकडाची गुंडी कातून, गोंद लावून तिच्यात ठोकली. टाकीच्या झाकणाखाली रबराची जाड चकती बसवली. आता पेट्रोलचा वाससुद्धा बाहेर येत नाही.

एकच रडगाणं आहे. पंधरा-वीस मिनिटं मस्त पळते, मग आचके देते आणि बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा चालू होते. निघेल तेही.

खरी गंमत बाबांची. झटका आल्यापासून शब्द त्यांच्या ओठाशी येतात आणि परत जातात, उजवा हात तर मांडीवरच असतो. पण गाडी काढायची म्हटलं की स्वतः उठतात आणि डाव्या हाताने बूट चढवतात. काल वाटेत बंद पडली तेव्हा उतरून मागे गेले आणि टाकीचं झाकण उघडून आत बघत बसले. जन्मभर बस चालवलेला माणूस, त्यांना वाटलं असणार पेट्रोल संपलं. टाकी भरलेली आहे असं सांगून मी झाकण घेतलं आणि घट्ट लावलं.

लोभ आहेच, पत्रातून थोडा जास्त पाठव.
तुझा रंध्या

११ फेब्रुवारी

चि. रंध्यास अनेक आशीर्वाद, पैकी निम्मे पंख्यासाठी.

वॉर्डमधल्या सगळ्या नर्सना तुझी पंख्याची गोष्ट सांगितली. एकीने विचारलं की हाच का तो भाऊ, ज्याने स्वतःला कपाटात कोंडून कडी बसतेय का ते पाहिलं होतं. मी हो म्हटलं. बदनामी माझ्यामुळे नाही, तुझ्या कर्तृत्वामुळे आहे.

बाबा स्वतः बूट घालतात हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि जरा वेळ खिडकीशी उभी राहिले. झटक्यानंतर माणूस भिंतीकडे तोंड करून पडायला लागला की त्याला परत आणणं किती कठीण असतं, ते मी रोज बघते. औषधं, व्यायाम सगळं चालू ठेव, पण त्यांना उठवतेय ती तुझी ती बसकी गाडी. म्हणून तिच्याकडे लक्ष दे. तिचं काही झालं तर मला बाबांची काळजी वाटेल.

गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही, तरी बंद पडल्यावर नेमकं काय काय होतं ते सविस्तर लिही. आमच्याकडेही पेशंट नुसतं बरं वाटत नाही म्हणतो, बाकीचं विचारून काढावं लागतं. आणि बाबांना रस्त्याच्या बाजूला उतरू देऊ नकोस.

आठवण ठेवत जा, मी ठेवतेच आहे.
तुझी ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. मी हात टेकले.

गॅरेजवाल्याने कॉइल तापत असेल म्हणून कॉइल बदलली. मग कार्बुरेटर उघडून धुतला. मग पेट्रोलचा पंप नवा घातला. प्रत्येक वेळी तो छातीवर हात ठेवून आता झालं म्हणतो, आणि प्रत्येक वेळी पाण्याच्या टाकीपुढच्या चढावर गाडी मान टाकते. आता मला पाहिलं की तो दुकानाच्या मागच्या बाजूला जातो.

तू सविस्तर लिही म्हणालीस म्हणून लिहितो. बंद पडली की बाबा उतरून मागे जातात, झाकणाशी खुडबूड करतात, मी पुढे इंजिनाला वारा घालतो. थोड्या वेळाने किल्ली फिरवली की चालू. एकदा मी एकटाच गेलो होतो तर तासभर रस्त्यात बसलो, तेव्हा कुठे सुरू झाली. ही म्हणते गाडीला माझा नाही, सासऱ्यांचा धाक आहे.

परवा मात्र वाईट झालं. भर चौकात बंद पडली, मागून हॉर्न वाजत होते, लोक जमले. बाबा पुन्हा झाकणाकडे. मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ओरडलो, त्यांच्या हातातून झाकण हिसकावून घेतलं. ते काही बोलायला बघत होते, ओठ नुसते हलत राहिले. घरी येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तेव्हापासून बूट दाराशी तसेच आहेत. बाबा पडून असतात. जेवायला उठवलं की दोन घास घेतात.

मलाही आता ती गाडी डोळ्यांसमोर नको. सुट्या भागांचा एक व्यापारी आहे, तो दहा तारखेला येऊन सगळं घेऊन जाईल. इंजिन, चाकं त्याला हवी आहेत. बाकीचं मोडीत.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझा रंध्या

२ मार्च

चि. रंध्यास,
आशीर्वाद नंतर. आधी त्या व्यापाऱ्याला येऊ नको म्हणून कळव.

काल ड्यूटीवर एका बाईंचं सलाईन थेंब थेंब करत बंद पडलं. बाटली भरलेली, नळी मोकळी, सुई शिरेत बरोबर. नव्या मुलीने बाटली लावताना वर हवेची सुई टोचलीच नव्हती. घट्ट बाटलीतून पाणी खाली यायचं तर तेवढी हवा वर आत जायला हवी ना? नाही गेली की आतून ओढ बसते आणि थेंब थांबतो. मी सुई टोचली, बुडबुडे वर गेले, सलाईन चालू. आणि तिथेच उभी असताना मला तुझी लाकडाची गुंडी आठवली.

अरे शहाण्या, ती नळी कशाला जोडलेली नव्हती कारण तिला हवाच घ्यायची होती! तू गुंडी ठोकलीस, झाकणाला चकती लावलीस आणि टाकीचा श्वास कोंडलास. पंधरा मिनिटं पेट्रोल येतं, मग आतून ओढ बसते आणि पंपालाही ते खेचवत नाही. फट दिसली की बुजवायची हा तुझा स्वभाव कपाटाला ठीक आहे.

मग मी तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. गाडी लगेच चालू झाली ती बाबा झाकण उघडत होते म्हणून. एकटा होतास तेव्हा तासभर लागला. बाबा पेट्रोल बघत नव्हते. त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. तोंडाने सांगता येईना म्हणून ते प्रत्येक वेळी हाताने सांगत होते, आणि तू त्यांच्या हातातून झाकण काढून घेत होतास.

मला हे लिहिताना रडू येतंय आणि तुझा रागही येतोय. आपण सगळे त्यांना सांभाळतो, औषध देतो, उशी सरळ करतो. त्यांना काही विचारायचं मात्र आपण सोडून दिलं होतं. जा, त्यांच्याजवळ बस आणि आधी विचार.

मग गुंडी काढ. मग आशीर्वाद.
ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचलं आणि तसाच आत गेलो. बाबा भिंतीकडे तोंड करून होते. मी खाटेच्या कडेला बसलो आणि विचारलं की टाकीला हवा मिळत नाही, असंच तुम्ही सांगत होता ना. ते वळले. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की मला खाली बघावंसं वाटलं. मग मान हलवली, आणि डाव्या हाताने माझ्या डोक्यात एक टपली मारली. चांगली लागली. मग दाराकडे बोट दाखवलं. बूट!

गुंडी निघेना. अशी ठोकली होती की पकडीने फिरेना. शेवटी टाकी उतरवून, रिकामी करून नळीचं टोकच कापावं लागलं. करवत बाबांनी डाव्या हाताने चालवली, मी नळी धरली. मध्ये एकदा मी मदतीला हात घातला तर त्यांनी असं पाहिलं की मी हात काढून घेतला. नळीला रबराची नळी जोडली आणि तोंड मोकळं ठेवलं. झाकणाची चकतीही बदलली.

मग पाण्याची टाकी, तो चढ, पलीकडचा उतार, नदीपर्यंत आणि परत. एकदाही थांबली नाही. चढावर मी श्वास रोखून बसलो होतो आणि बाबा समोर बघत हसत होते. परत आलो तरी ते उतरेनात, म्हणून पुन्हा एक चक्कर मारली. व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. गॅरेजवाल्याला हवेची गोष्ट सांगितली तर तो म्हणाला की त्यालाही तीच शंका होती. असो.

बाबा रोज सकाळी कागद घेऊन बसतात. काय लिहितात ते मला दाखवत नाहीत. हिला दाखवतात.

तुझा, टपली खाल्लेला,
रंध्या

२० मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

डाव्या हाताचं अक्षर आहे. वाचून घे. हे पत्र चार दिवस लिहितोय.

गाडी चांगली आहे. ब्रेक दाबला की जरा डावीकडे ओढते. रंध्याला दाखवलं, त्याने ऐकलं.

रविवारी तुझ्याकडे येतो. सकाळी निघू. सुनेने रंध्याला बजावलंय, सावकाश चालव.

हॉर्न अजून बसवलेला नाही. फाटकाशी आल्यावर हाक मी मारणार आहे. रोज शेडमध्ये बसून तयारी करतो. अजून अर्धीच येते. तेवढी आली तरी ओ दे.

तुझे
बाबा