मनोरा वाचला त्याची हकीकत

आदरणीय एफी आत्यास,

इनेसचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? नेर्नची हवा तुम्हाला मानवते आहे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं तुम्ही त्यांना न विचारता दुप्पट केलंत, असं आईकडून कळलं. आम्ही इकडे ठीक. आईला सर्दी झाली आहे, पण ती कबूल करत नाही. मनोऱ्यावर पडणारा पहिला घाव पाहायला तुम्ही शनिवारी येणार, गाडीचं तिकीटही काढलंत, हे तिनंच सांगितलं, म्हणून घाईनं लिहितो आहे. शनिवारी घाव पडणार नाही. पुढच्या शनिवारीही नाही. हे तुम्हाला कसं कळवावं याचे मी बरेच मसुदे केले. प्रत्येकात दोष दुसऱ्या कुणाचा तरी दिसू लागला, तेव्हा ते फाडले. सरळ लिहितो. मनोरा वाचला, आणि तो आपल्या संस्थेनं वाचवला.

झालं ते असं. विद्यापीठानं मनोरा पाडण्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज केला, त्या आठवड्यात चर्चच्या हॉलमध्ये थिसल गल्ली रक्षण संस्थेची सभा भरली. (विद्यापीठानं मनोऱ्यासाठी गल्ली पाडल्यानंतर वर्षभरानं तिच्या रक्षणासाठी संस्था काढणं हे फक्त तुम्हीच करू जाणता, हे मी कौतुकानं लिहितो आहे.) मॉनक्रीफ बाईंनी अध्यक्षांच्या कपाटातली शेरी बाहेर काढली. पन्नासहून जास्त वर्षं जे मागितलं ते मिळाल्यावर काय बोलतात, याची आपल्याकडे कुणालाच सवय नाही. मग बाईंनी पेला खाली ठेवला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, की हरकत कोण लिहिणार? मला वाटलं त्या विनोद करताहेत. (बाई विनोद करत नाहीत, हे इतक्या वर्षांच्या चिटणीसपदात माझ्या लक्षात यायला हवं होतं.) त्यांनी संस्थेची नियमावली उघडून तुम्ही घातलेला चौथा नियम वाचला: विद्यापीठाच्या बांधकामविषयक प्रत्येक अर्जावर संस्था हरकत घेईल, चिटणिसाला यात मुभा नाही.

मी म्हटलं, "बाई, पण हा अर्ज मनोरा पाडायचा आहे. हेच तर आपण मागत होतो."

"मागत आपण होतो, पण देताहेत ते," बाई म्हणाल्या. "एवढ्यावरूनच संशय यायला हवा."

पेट्रींनी (निवृत्त दंतवैद्य, तुमची अक्कलदाढ त्यांनीच काढली होती) मला कोपऱ्यात घेऊन समजूत घातली. "अरे इनेस, सायकलींच्या छपराला आपण हरकत घेतली, ते झालं. खानावळीला घेतली, ती झाली. आपली हरकत म्हणजे त्यांना शुभशकुन रे. तुला तो पडायला हवाय ना? मग बिनधास्त घे."

मला हे पटलं. का पटलं, याचा पुढे मी डायरीत बराच शोध घेतला. मला वाटतं, नियम मोडायचा नव्हता आणि परिणामही नको होते, आणि पेट्रींनी दोन्हींची सोय करून दिली. मी नेहमीच्या चालीवर हरकत लिहिली: वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसेल, मालमोटारींचा त्रास होईल, छपरावर घरटी करणारे समुद्रपक्षी आमच्या धुराड्यांवर येतील. आपली हरकत कुणीतरी वाचण्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण मला सुनावणीचं बोलावणं आलं.

सुनावणीला वारसा खात्याच्या एक बाई होत्या. हिरवा चष्मा, अतिशय आनंदी. हा मनोरा ब्रूटलिस्ट शैलीचा उत्तम नमुना आहे आणि असा दुसरा नसेल तर तो जपायलाच हवा, असं त्या म्हणाल्या. (ओबडधोबड काँक्रीट तसंच उघडं ठेवण्याला शैली म्हणतात. आमच्या घरात त्याला गवंडी पळून गेला असं म्हणतात.) मग सभापतींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर गिलफिलन, तुम्ही या इमारतीला आयुष्यभर विरोध केलात. तुम्हीच सांगा, अशी दुसरी इमारत या शहरात आहे?"

"नाही," मी म्हटलं.

"स्कॉटलंडमध्ये?"

माझ्या मागून पेट्री कुजबुजत होते, "ग्लासगो म्हण. अरे, ग्लासगो म्हण." पण आत्या, मी ग्लासगोला दोनदा जाऊन पाहून आलो आहे. तिथल्या उंच आहेत, इतक्या वाईट नाहीत. मला खोटं बोलता येईना.

"नाही, देवाची कृपा," मी म्हटलं.

इतिवृत्तात 'नाही' आलं. देवाची कृपा गळली. निकालात लिहिलं आहे, की इमारतीचं एकमेवत्व तिच्या कडव्या विरोधकांनीही मान्य केलं असल्यानं ती पाडता येणार नाही. विद्यापीठानं आता तो पैसा डागडुजीकडे वळवला आहे आणि त्या कामाला दहा वर्षं लागतील असं सांगितलं आहे.

संस्थेच्या समितीत कुणीही मला रागावलं नाही, हे सगळ्यात वाईट. उलट माझ्या आभाराचा ठराव झाला. आपली हरकत पहिल्यांदाच मान्य झाली म्हणून मॉनक्रीफ बाईंनी केक आणला होता. विजय तो विजय, त्या म्हणाल्या. माझा तुकडा बशीतच राहिला. मी उठून मनोऱ्याच्या पायथ्याशी गेलो. आजोबांच्या बेकरीची भट्टी होती तिथे आता वारा असा घुमतो, की उभं राहायला खांब धरावा लागतो. खांब धरून उभा होतो, तर चिप्स खाणाऱ्या एका मुलीनं विचारलं, "काका, वाट चुकलात का?" मी म्हटलं, नाही, इथे आमचं दुकान होतं. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "कितव्या मजल्यावर?"

बेकरी पाडायला आलेल्या मजुरांना गरम ओटच्या भाकऱ्या वाढून, मग दारात लाटणं घेऊन तुम्ही उभ्या राहिलात, बाविशीच्या होतात तेव्हा, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. इथे उभा राहणारा मनोरा पडलेला पाहिल्याशिवाय मी मरणार नाही, असं त्या दिवशी तुम्ही सांगितलं होतंत. माझ्या एका खऱ्या उत्तरानं तुमचा शनिवार गेला. याबद्दल मला रागावा. इथे ते काम करायला कुणी तयार नाही.

तरीही तिकीट परत करू नका. आईनं तुमची खोली झाडून ठेवली आहे.

तुमचा,
इनेस

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण आता सांगतो. दहा वर्षांनी पाडण्याचा अर्ज पुन्हा आला, तर संस्थेला पुन्हा हरकत घ्यावीच लागेल. म्हणून चौथा नियम बदलण्याचा ठराव मी मांडला. मॉनक्रीफ बाईंनी त्यावर हरकत घेतली, कारण तो संस्थापिकेच्या सहीशिवाय बदलता येत नाही, हा पाचवा नियमही तुमचाच आहे. तेव्हा कृपया सही पाठवावी.

आणखी एक. हे सगळं आईला वाचून दाखवलं. तुमच्यासाठी ती हळहळेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "एफी शब्दाची पक्की आहे. मनोरा उभा आहे तोवर ती कुठे जात नाही," आणि किटली चढवायला गेली. सभापतींना 'नाही' म्हणताना हे माझ्या मनात होतं का, असं मी स्वतःला विचारून पाहिलं. नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. असो. सही आणि दहा वर्षं, दोन्ही जमलं तर उत्तम. एकच जमणार असेल, तर सही राहू द्या.