दारावरचे तीन आकडे

प्रिय राग्नी,

फोनवर तू हसून मोकळी होतेस, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

बाबांची सवय तुला ठाऊकच आहे. हरीण शेडमध्ये आणलं, की पोट फाडायच्या आधी पुढच्या पायांमागून छातीभोवती दोरी फिरवायची, माप भरेल तिथं लाल लोकर बांधायची आणि दाराच्या आतल्या अंगाला खडूनं तीन आकडे लिहायचे: जिवंतपणीचं वजन, सोलून उरेल ते, आणि हाडं काढून पातेल्यात पडेल ते. मग काट्याला टांगायचं. किलोचीही चूक नाही! सिगवार्टकाका दरवर्षी पैज हरायचे आणि सगळ्यांना वॉफल खाऊ घालायचे.

यंदा बाबा नाहीत, तर सगळे तोंडं पाडून बसलेले. मला बघवेना. आपल्या गवतात उन्हाळाभर चरणारा तो थोरला नर मी रोज बघत होते. मंडळी शिकारीला डोंगरावर गेली तशी मी दारावर लिहून टाकलं: १४८, ८३, ५८. अगदी बाबांच्या अक्षरात. शाळेत त्यांची गणितं मीच सोडवून द्यायचे, त्यांचा वाकडा चार मला नाही येणार तर कुणाला?

दुपारी तोच नर आला. सोलून टांगला, काट्यावर बरोब्बर त्र्याऐंशी. सिगवार्टकाकांच्या हातातली सुरी गळून पडली. "वहिनी, शेडची किल्ली कुणाकडे होती?" म्हटलं, "माझ्याचकडे. का हो भावजी, मेल्यावरही ह्यांना हरवता येईना होय तुम्हाला?" हसून हसून पोट दुखलं माझं. मग दार मीच धुऊन काढलं.

काल सकाळी शेड उघडली, तर दारावर नवे आकडे. ६१, ३४, २४. चार तसाच वाकडा. हे मी नाही लिहिलेलं, पोरी. खडू माझ्या खिशात, किल्ली माझ्या गळ्यात. आणि परवाना उरलाय तो एका मोठ्या नराचा. एकसष्ट किलोचं काय मारणारे ही मंडळी? सिगवार्टकाकांना सांगितलं तर म्हणाले, "पुरे की आता, वहिनी. एकदा हसलो ना!" शपथ घातली, तरी हसतच गेले.

खिळ्यावरची दोरी बघितली. लाल लोकर आपल्या जागेवरून खूप आत सरकलेली. माझ्याभोवती तर ती लोकरीपर्यंत पुरेचना (वॉफल, दुसरं काय!). मग टेपनं मोजली. अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर. तुझे स्वेटर मीच विणते ग. तुझ्या छातीचं माप मला पाठ आहे.

शनिवारच्या बोटीनं तू बर्गनहून येणार, बाबांची बंदूक घेऊन त्यांच्या जागेवर बसणार, त्याच झाडाखाली, जिथं ते गेल्या हंगामात बसल्या बसल्या गेले. म्हणून विचारते, तुझं वजन किती ग? पाच किलो कमी सांगायची खोड एवढ्यापुरती सोड. एकसष्ट असेल तर येऊ नकोस. नसलं, तरी येऊ नकोस. गंमत मी केली, पण ह्यांचा आकडा कधी चुकलेला मी पाहिला नाही. राहू दे ती जागा रिकामी.

तुझीच, आयुष्यात पहिल्यांदा थट्टा न करणारी,
आई