दाजींना हवा असलेला काळा धूर

मंगळवार, दिवेलागणीनंतर

दाजींच्या गाडीचा स्पार्क प्लग अजून माझ्या शर्टाच्या खिशातच आहे. काजळीनं काळाकुट्ट, पेट्रोलचा वास मारणारा. इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातंय, हे त्या प्लगवरच लिहिलंय.

मी ट्यूनिंग करून दिलं तेव्हा हाच प्लग बिस्किटाच्या रंगाचा होता, म्हणजे हवा-पेट्रोल अगदी मापात. गाडी काय पळत होती. पण दाजींचा जन्म सणसरला ट्रॅक्टरवर गेलेला. "धूर न्हाय म्हंजी ताकद न्हाय," म्हणत इंदापुरात कुणाकडून तरी कार्बोरेटरमधलं पेट्रोल वाढवून आणलं. त्या जादा पेट्रोलनं सिलिंडरमधलं ऑइल धुऊन काढलं. इंजिन खलास. आणि आज माझ्याच गॅरेजात, चार गिऱ्हाइकांसमोर मला म्हणतात, "तुझ्या हातात दिली, तितंच वाटोळं झालं."

प्लग तेव्हा हातातच होता. मग दाखवला का नाही? ताईचा नवरा म्हणून? खिशात टाकला आणि पुढची गाडी खोलायला घेतली.

आत्ता ताईचा फोन आला. "हे जेवलं न्हाईत. काय बोललास रं त्यास्नी?"

खिशाला काळा डाग पडलाय, त्यावर हात ठेवून म्हणालो, "चुकलं माझं, ताई."