पाठमोरा प्रश्न

ता. ४ सप्टेंबर

चि. खडूखाऊ यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र परवा पोचलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असल्या नावाने लिहू नये म्हणून तुझ्या बायकोने मला दटावलंय. पण माझ्या खोक्यातले खडू खाऊन पोट बिघडवून घेणारा भाऊ मी विसरू कशी? तिला सांग, नणंदेशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

शाळेत सध्या मोठी उलथापालथ चाललीय. माझा काळा फळा गेला आणि पांढराशुभ्र, गुळगुळीत, बोटाने लिहिता येणारा फळा आला. मुलांच्या हातात टॅब आले. उत्तर चुकलं की तांबडा चौकोन, बरोबर आलं की हिरवा. एकतीस वर्षांत मी पाट्या पाहिल्या, पाढ्यांची घोकंपट्टी पाहिली, मण्यांच्या माळा पाहिल्या, मुलांना गोल बसवून गटागटाने शिकवणंही पाहिलं. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी येऊन सांगतं की आपण आजवर शिकवत होतो ते सगळं चूक. मी मान डोलावते, नवं ते शिकून घेते आणि वर्गात शिरले की माझंच खरं करते. टॅबही शिकले बरं का. अपूर्णांकाचे तुकडे पडद्यावर सरकवताना मलाही मजा येते.

खटकतो तो कॅमेरा. ऑगस्टच्या सुरुवातीलाच मागच्या भिंतीवर बसवलाय. बाईंनी किती प्रश्न विचारले, कुणी उत्तरं दिली, बाईंनी कुणाला दाद दिली, असा महिन्याचा अहवाल तो काढणार म्हणे. माझा पाठमोरा प्रश्न तुला ठाऊक आहे. माझ्या वर्गात हात वर करायचा नाही. हात वर करणारी पोरं तीच ती असतात. मी फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता विचारते आणि ज्याला येईल त्याने जागेवरूनच सांगायचं. बाई बघत नाहीत म्हटल्यावर बुजरी मुलंही तोंड उघडतात. आवाजावरून मी प्रत्येकाला ओळखते. माझ्या पाठीला कान आहेत असं मुलं म्हणतात ते उगाच नाही. हे त्या यंत्राला काय कळणार?

यंदा जवळची एक शाळा बंद पडली, तिथली नऊ मुलं माझ्या सहावीत आलीत. खिडकीकडच्या बाकांवर बसतात. त्यातली एक मुलगी अगदीच घुमी. टॅबवर तिचे चौकोन हिरवे असतात, पण ते शेजारणीचं बघून असावेत. तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. शेवटी प्रगतिपुस्तकावर ‘वर्गात बोलत नाही’ असा शेरा लिहिला आणि तिला सावकाश शिकवायच्या तुकडीत घालावं असं मोठ्या बाईंना सुचवलं. तिच्याच भल्यासाठी.

बाबांचं घड्याळ आठ वर्षांपूर्वी तू दुरुस्त करून दिलंस ते अजून मिनिटभर मागे पडलेलं नाही. तुझ्या हाताला तोड नाही. आणि पत्रं लिहितोस ते फार बरं करतोस. फोनवर हल्ली सगळेच पुटपुटतात.

तुझी,
ताई


ता. ११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. एकदा हसत आणि एकदा न हसता.

यंत्राशी भांडू नकोस. माझ्या दुकानात येणारी निम्मी गिऱ्हाइकं आता फक्त बॅटरी बदलायला येतात. सुरुवातीला मी चरफडायचो. मग कळलं की बॅटरीचं घड्याळ वेळ बरोबर दाखवतं, आणि वेळ बरोबर दाखवणं हेच तर घड्याळाचं काम. तुझा तो अहवाल येईल तेव्हा शांतपणे बघ. नाकावर राग ठेवून वाचू नकोस.

एक विचारतो, उगाच. तू फळ्याकडे तोंड करून उभी राहिलीस की खिडक्या तुझ्या कोणत्या हाताला येतात?

हिचा गुडघा बरा आहे. नणंदेशी वाद घालणार नाही असं तिने कबूल केलंय, पण पुढच्या वेळी आलीस की समोरासमोर बघून घेईन असंही म्हणाली. त्या मुलीला हलवायची एवढी घाई करू नकोस, असं आपलं मला वाटतं. मी शिक्षक नाही, तरी.

तुझा,
खडूखाऊ


ता. ६ ऑक्टोबर

चि. खडूखाऊ यास,
अ. उ. आ.

खिडक्या डाव्या हाताला येतात. तुला काय करायचंय ते? इथे माझ्या डोक्यावर आकाश कोसळायची वेळ आलीय आणि तू खिडक्या मोजतोयस.

ऑगस्टचा अहवाल आला. त्यात वर्गाचा नकाशा आहे. ज्या मुलाच्या उत्तराला मी दाद दिली त्याच्या बाकावर निळा ठिपका. मधल्या आणि उजवीकडच्या रांगा निळ्याशार, खिडकीकडच्या दोन रांगा कोऱ्या. नुसत्या कोऱ्या नाहीत. त्या मुलांनी महिन्याभरात एकसष्ट वेळा उत्तरं दिली आणि मी चार वेळा दखल घेतली, असं खाली छापलंय. मी मोठ्या बाईंना सरळ सांगितलं की यंत्र बिघडलेलं आहे. त्यांनी कपाटातून एक अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला. त्या घुम्या मुलीच्या आईचा. बाई माझ्या मुलीचं ऐकून घेत नाहीत, बाहेरून आलेल्या मुलांना वेगळी वागणूक देतात, असं त्यात आहे.

पक्षपात. माझ्यावर. ज्या बाईने आमदारांच्या नातवाला शून्य मार्क देताना पेन थांबवलं नाही तिच्यावर. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. पुढच्या शनिवारी शाळेची समिती बसणार आहे. त्या मुलीची आईही येणार. सगळ्यांसमोर चित्रण लावणार आहेत. पक्षपात ठरला तर वर्ग काढून घेतील. घेवोत. पण एकतीस वर्षांच्या शेवटी तोंडाला हे काळं लागणार का, एवढंच मला समजत नाही.

तू मला जन्मापासून ओळखतोस. मी कधी कुणाला डावं-उजवं केलंय का? असेल तर तसं लिही. नसेल तर तसं लिही. मला ते कागदावर हवं आहे, समितीपुढे ठेवायला नाही, माझ्यापुढे ठेवायला.

तुझी,
ताई


ता. ९ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू कुणाला डावं-उजवं केलेलं नाहीस. हे मी शपथेवर लिहितो. आता पुढचं बसून वाच.

आठ वर्षांपूर्वी तू आमच्याकडे राहायला आली होतीस. भाऊजींना जाऊन तीन महिने झाले होते. जेवणाच्या टेबलाशी तू मनगट डाव्या कानाशी नेलंस आणि म्हणालीस, बाबांचं घड्याळ बंद पडलंय, बघ जरा. ताई, त्याची टिकटिक मला टेबलाच्या पलीकडे ऐकू येत होती. मी हिच्याकडे पाहिलं. हिने मान हलवली. मी घड्याळ दुकानात नेलं, काच पुसली, दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत आणून तुझ्या उजव्या कानाशी धरलं. तुला इतका आनंद झाला की तू शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटलीस. त्या घड्याळाला काहीही झालेलं नव्हतं. मी त्याचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

फोनवर कुणी पुटपुटत नाही. उजव्या हातात कामाचं पेन असतं म्हणून तू फोन डाव्या कानाला लावतेस. चार वाक्यांतलं एक तुझ्यापर्यंत पोचायचं, बाकीच्यांना तू नुसतं हो हो म्हणायचीस. मी पत्रं लिहायला लागलो ती त्यामुळे. आमच्याकडे जेवताना सगळे तुझ्या उजवीकडे बसतात, हे तुझ्या लक्षातही आलं नसेल.

तेव्हा बोललो नाही, कारण त्या दिवसांत शाळा ही तुझी एकच उभारी होती. वाटलं, थोडी सावर, मग सांगू. मग पुढच्या वर्षी. मग वाटलं, आता सांगितलं तर आजवर का लपवलं म्हणशील. तुझ्यासमोर तीस मुलं बसतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला फक्त माझी ताई दिसत होती. मागच्या पत्रात खिडक्यांचं विचारलं, तेव्हाच सगळं लिहायला हवं होतं. धीर झाला नाही.

शनिवारच्या आधी कान तपासून घे. तिथे सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळू नये म्हणून हे लिहिलं.

तुझा अपराधी,
खडूखाऊ


ता. १२ ऑक्टोबर

चि. भावास,

पत्र मिळालं. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डावा कान जवळजवळ गेलेला आहे, बरीच वर्षं. तू लिहिलंस ते खरं आहे.

आशीर्वाद आज लिहिला नाही. तो पुढच्या पत्रात बघू.

ताई


ता. १६ नोव्हेंबर

चि. खडूखाऊ यास,
अ. उ. आ.

महिनाभर तुला तिष्ठत ठेवलं. ठेवायचंच होतं.

समितीसमोर चित्रण लावलं तेव्हा मी उजवा कान पुढे करून बसले. पडद्यावर मी पाठमोरी उभी. तीन अष्टमांश आणि एक चतुर्थांश मिळून किती, असं मी विचारते. खिडकीकडून ती मुलगी सांगते, पाच अष्टमांश. मी लिहीतच राहते. ती पुन्हा सांगते, थोडं मोठ्याने. मग मी विचारते की कुणालाच कसं येत नाही. तेव्हा उजवीकडचा एक मुलगा तिचंच उत्तर उचलून सांगतो आणि मी त्याला शाबासकी देते. ती मान खाली घालते. असं महिन्यात अकरा वेळा झालंय. त्यानंतर ती बोललेली नाही. मी शेरा लिहिला तो त्यानंतर.

मी उभी राहून सांगितलं की हा पक्षपात नाही, मला या कानाने ऐकू येत नाही आणि ते मला परवा कळलं. तिची आई एवढंच म्हणाली की मुलगी घरी सांगायची, बाईंना माझा आवाज आवडत नाही. पक्षपाताचा आरोप मागे घेतला गेला. वर्ग वर्षअखेरपर्यंत माझ्याकडेच ठेवलाय. तिचा शेरा मी स्वतःच्या हाताने खोडला, खाली कारण लिहून सही केली आणि सावकाश शिकवायच्या तुकडीतून तिला माझ्या वर्गात परत आणलं. संगणकाच्या तरुण सरांनी तो अहवाल पुसून टाकू का असं हळूच विचारलं. मी नको म्हटलं. त्या यंत्राने महिन्यात जे पाहिलं ते मला आणि माझ्या माणसांना आठ वर्षांत सांगता आलं नाही.

मग जुन्या नोंदींचे गठ्ठे काढून बसले. आठ वर्षांत ‘वर्गात बोलत नाही’ हा शेरा मी तेवीस मुलांना दिलाय. त्यातली एकोणीस खिडकीकडची. काही आता मोठी होऊन कामाधंद्याला लागली असतील. त्यांना कुठे शोधू? मी लिहिलेलं त्यांनी स्वतःबद्दल खरं मानलं असेल, तर ते कोण खोडणार?

तुझ्यावर रागावले, आणि अजून आहे. तू माझं मन जपलंस, पण त्याची झळ त्या एकोणीस पोरांना बसली. मी मात्र कोणत्या तोंडाने बोलू? सगळी दुनिया एकदम पुटपुटायला लागली असं मी सुखाने मानत होते. एवढं साधं गणित, गणिताच्या बाईला सुटलं नाही.

आता कानात यंत्र आहे, डाळीच्या दाण्याएवढं. घालून पहिल्याच सकाळी बाबांचं घड्याळ डाव्या कानाशी धरलं. चालू होतं.

वर्गातही डावीकडचं सगळं ऐकू येतं. बाक करकरतात, कुणीतरी पेन्सिल चावतं, खिडकीची कडी वाऱ्याने हलते. बाकीची आठ मुलं बोलायला लागलीत. ती मात्र बोलत नाही. तिला जवळ घेऊन मी माफी मागितली, चूक माझ्या कानाची होती असं सांगितलं. तिने शहाण्यासारखी मान हलवली. तोंड उघडलं नाही. आता रोज मी फळ्याकडे वळून एक प्रश्न फक्त तिच्यासाठी विचारते. बाकीच्यांनी गप्प बसायचं. मनगट समोर धरते आणि बाबांच्या घड्याळात पूर्ण एक मिनिट थांबते. मिनिट किती मोठं असतं हे तुझ्यासारख्या घड्याळजीलाही माहीत नसेल. आज एकविसावा दिवस होता.

रविवारी दहा वाजता फोन कर. ऐकू आलं नाही तर नाही आलं असं मी सांगेन, आणि तू पुन्हा सांगायचंस. कितीही वेळा.

लोभ तुझा आहेच, त्याबद्दल शंका नव्हती. यापुढे तो खरं सांगणारा असावा.

तुझी,
ताई